हं… मग?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि प्रवासात मान अवघडलेली मी, असा सगळा लवाजमा सकाळी रुग्णालयाच्या फाटकाशी उतरला. पहारेकऱ्यानं माझ्या गळ्यातली पांढरी पट्टी पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा पट्टी, आणि विचारलं की पाळकसाहेब मागून येतायत का. म्हटलं, पाळकसाहेब ते मीच, जरा खोक्याला हात लावा. बिचाऱ्यानं लावला, आणि जिन्यापर्यंत माफी मागत आला.

खोली छान आहे. तिसरा मजला, लोखंडी कॉट, पाय हलणारं टेबल. खिडकीतून फाटक आणि फाटकाजवळचा बाक दिसतो. टेबलाच्या पायाखाली माझ्याच जुन्या प्रबंधाची प्रत सारली, टेबल गप्प झालं. त्या प्रबंधाचा कुणाला तरी आधार झाला म्हणायचा.

इथं माझं काम चॅप्लेनचं. धाकटीला, माझ्या बहिणीला, समजावताना मी म्हटलं होतं, चॅप्लेन म्हणजे मंडळी नसलेला पाळक. आमची मंडळी खाटेवर असते, प्रवचन लांबलं तरी बिचारी उठून जाऊ शकत नाही. ती खूप दिवसांनी खळखळून हसली होती. अर्धा दिवस वॉर्डात आणि अर्धा दिवस संशोधन केंद्रात, असं दोन डगरींवर हात ठेवून राहायचंय. केंद्राच्या पाटीवर ‘व्यावहारिक ईश्वरविज्ञान’ असं भारदस्त लिहिलंय. अर्थ साधाच आहे. ग्रंथांत देवाबद्दल काय म्हटलंय ते बाजूला ठेवून, माणसं दुखण्यात आणि मरणात प्रत्यक्ष काय करतात, काय बोलतात, ते बघायचं आणि त्यातून शिकायचं.

केंद्राचे प्रमुख म्हणजे मोठे सर. त्यांचं स्वयंपाकिणीवरचं व्याख्यान आमच्या विद्येत माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. मरणाला टेकलेली एक स्वयंपाकीण त्यांना सांगते, की लग्नाआधी झालेली मुलगी तिनं अनाथालयाच्या पायरीवर ठेवली होती. तेव्हापासून ती दरवर्षी एक पिवळा फ्रॉक शिवते, पाठीला हिरवी बटणं, आणि दरवर्षी एक माप मोठा. कुणालाच न देता शेवटी शेजारच्या एखाद्या पोरीला देऊन टाकते. हे ऐकून मी विद्यार्थिनी असताना रुमाल भिजवला होता. आज त्यांनी स्वतः माझ्या हातात चहाचा कप दिला.

धाकटीला कळवायला हवं की पोचले. पण मी तिला फोन करत नाही. रविवारी कुठल्यातरी बूथवरून तीच करते. ती कुठं राहते हे जगात मला एकटीला ठाऊक आहे आणि गावाचं नाव मी इथंही लिहिणार नाही. भिंतींना कान असतात, वह्यांना तर डोळेही. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या लाघवी जावईबापूंनी, तिचा हात चौकटीवर धरून दार लावलं होतं. अजून शोधतोय तिला. सापडली तर या वेळी हातावर भागणार नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कामाची रीत कळली. रुग्णाशी बोलून आलं की संभाषण आठवेल तसं शब्दन् शब्द लिहून काढायचं. उजवीकडे त्याचे शब्द, डावीकडे आपल्या मनात काय चाललं होतं ते. नाव, वय, धंदा बदलायचा आणि मंगळवारी सगळ्यांसमोर वाचायचं. मग सहकारी त्याची चिरफाड करतात. आपण केलेल्या चुका आपल्याच तोंडून ऐकायच्या, हे फार गुणकारी औषध आहे. चव अर्थात औषधासारखीच.

शिकवण्यासाठी एक खोली राखून ठेवलीय. तिला सगळे ऐकण्याची खोली म्हणतात. समोरासमोर दोन खुर्च्या, एक दिवा, कागदी रुमालांचा डबा. खिडकीजवळची खुर्ची आपली, भिंतीजवळची रुग्णाची. मोठे सर कसं ऐकतात ते पाहिलं. हनुवटी खाली, हात मांडीवर, आणि समोरचा थांबला की अगदी हळू म्हणतात, हं… मग? एवढंच. पुढं शांतता. ती शांतता इतकी वाढते की समोरच्याला बोलावंच लागतं. इथला प्रत्येक जण आता तसंच म्हणतो, शिपाईसुद्धा.

नव्या माणसानं आधी रुग्णाच्या खुर्चीत बसून स्वतःची एखादी दुखरी गोष्ट सांगायची असा दंडक आहे. सांगणाऱ्याला काय वाटतं ते त्याशिवाय कळत नाही, म्हणतात. मी बसले खरी, पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं आहे काय? परीक्षा, प्रार्थना आणि पित्त. सरांसमोर मिळमिळीत काही सांगायची लाज वाटली. म्हणून धाकटीची गोष्ट सांगितली. अर्थात मैत्रिणीची म्हणून. नाव बदललं, गाव बदललं, नातं बदललं. तिची करंगळी आता सरळ होत नाही, कप धरताना ती बाहेर राहते, ते सांगितलं. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरची तिची खोली सांगितली, जिथं प्रत्येक घड्याळ आपल्या मर्जीनं चालतं आणि बाराचे ठोके पाव तास पडत राहतात. सर ऐकून पुढं झुकले. मग म्हणाले की या घड्याळांत गोष्टीचं काळीज आहे, ते कधी काढू नका. खोटं कशाला बोलू, बाहेर आले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली उपासना पार पडली. चाकाच्या खुर्च्यांची रांग, सलाइनच्या काठ्या आणि मधेच खोकल्याची साथ. एका आजोबांनी सांगितलं की तुमचा आवाज बरा आहे, झोप चांगली लागली. ही दाद समजायची.

धाकटीचा फोन आला. बरी आहे. शिकवण्या मिळाल्यात. मागं घड्याळं वाजत नव्हती, रस्ता वाजत होता. शहाणी आहे, लांब जाऊन फोन करते.

दुपारी ऐकण्याच्या खोलीत टिपणं काढत बसले होते. मला लिहिताना मोठ्यानं बोलायची सवय आहे. एका रुग्णाचं वाक्य पुटपुटले आणि अडले. समोरून आवाज आला, हं… मग?

सर शेजारच्या खोलीत कुणाशी बोलत असणार. जाऊन पाहिलं तर तिथं कुलूप होतं. म्हणजे व्हरांड्यात असतील. भिंतीजवळच्या खुर्चीवरची उशी मात्र मधोमध दबलेली होती, कुणी नुकतं उठून गेल्यागत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

सरांबरोबर मोठ्या वॉर्डात फेरी होती. ते प्रत्येक खाटेशी थांबतात, डोक्यावर हात ठेवून डोळे मिटतात आणि मूकपणे प्रार्थना करतात. लोकांना फार बरं वाटतं. पहिल्याच खाटेवर भूल उतरत असलेला एक गवंडी होता. सरांनी हात ठेवला आणि तो झोपेतच स्पष्ट बोलू लागला, पाण्याची टाकी, जुनी गिरणी, कन्याशाळा, पोस्ट, वखार. बसचा वाहक थांबे पुकारतो तसा. पुढच्या खाटेवर तापानं फणफणलेली बाई. तिनंही तेच, त्याच क्रमानं. तिसऱ्याला तर कालपासून वाचा नव्हती. त्यानं वखारीनंतर आणखी दोन थांबे घेतले.

मला वाटलं रेडिओवर काही जाहिरात लागत असेल, लोकांच्या डोक्यात बसली असेल. पण सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. फेरी अर्धी टाकून ते गेले.

मोठ्या वॉर्डाची एक सिस्टर आहे. कामापुरतं बोलते, म्हणून पाठीमागे सगळे तिला मुकी सिस्टर म्हणतात. ती औषधाची गाडी धरून हे बघत होती. हसली नाही, दचकली नाही. जुन्या ओळखीचं माणूस घरात आलं की आपण नुसते बघतो, तशी बघत राहिली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

राग असा आलाय की पेन कागदात घुसतंय.

मुकी सिस्टर आज बोलली. चादरींच्या कपाटाशी मला गाठून तिनं आधी विचारलं, त्या खुर्चीत बसलात का. मी विचारलं, का? मग तिनं सगळंच सांगितलं, आणि पूर्ण वेळ तिचे डोळे चादरींच्या घड्यांवर होते.

ती स्वयंपाकीण नव्हतीच. ती शिवणकाम करायची आणि ती या सिस्टरची सासू होती. याच रुग्णालयात, भिंतीकडच्या खाटेवर होती. डॉक्टरांनी आज-उद्याचं सांगितलं होतं. तिनं सरांना बोलावून घेतलं, मनातलं ओझं उतरवलं. सरांनी लगेच व्याख्यानात ते मांडलं, इथल्याच सभागृहात. म्हातारी गेलीच असेल असं धरून चालले होते. गेली नव्हती. आणि सभागृहात सून बसली होती.

धंदा बदलला होता, वय बदललं होतं. पण पिवळा फ्रॉक तसाच, पाठीची हिरवी बटणं तशीच. घरात सगळ्यांनी ते फ्रॉक बघितले होते. सासूबाईंना विचारलं की म्हणायच्या, गिऱ्हाइकाचं माप चुकलं. सुनेनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. मुलांची मान खाली गेली, नातेवाइकांत कुजबूज झाली, आणि त्या दिवसापासून घरचं कुणी म्हातारीला भेटायला आलं नाही. सरही आले नाहीत. त्यांना गावोगावची निमंत्रणं येत होती. म्हातारी आणखी कितीतरी दिवस जगली, दाराकडे तोंड करून. मुलं का येत नाहीत हे तिनं शेवटी सुनेलाच विचारलं आणि सुनेनं खरं ते सांगितलं. त्यावर ती म्हणाली की मी तर ते देवाला सांगावं तसं सांगितलं होतं. त्यानंतर बोलली नाही. नुसती सरांचे ते दोन शब्द पुटपुटायची, आणि ते पुटपुटतच गेली. मुलांनी मातीलाही हात लावला नाही.

तिची खाट काढली आणि तिच्या शेजारची खुर्ची कुणीतरी ऐकण्याच्या खोलीत नेऊन ठेवली, भिंतीजवळ.

सिस्टर म्हणाली, मीही तोंड उघडलं होतं, म्हणून आता उघडत नाही. आणि म्हणाली की सासूबाई ऐकतात. ऐकलेलं ठेवून घेत नाहीत, जिथं लागायचं तिथं नेऊन पोचवतात. तुमच्या आधीचे चॅप्लेन त्या खुर्चीत जे बोलले, ते त्यांच्या सासऱ्याच्या तोंडून त्यांच्या बायकोनं ऐकलं, दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात. ज्वरात बरळताना.

भूतखेत मी मानत नाही. पण ही बाई असेल, तर माझ्याकडून तिला मोकळं रान आहे. मी भिजवलेला तो रुमाल आठवतो आणि स्वतःचीच शिसारी येते. या माणसाची खोड मोडायलाच हवी.

रविवार, १६ फेब्रुवारी

मोडली.

उपासनेत सरांनी मूक प्रार्थनेला सांगितलं. माना खाली गेल्या. आणि मागच्या रांगेतून सुरू झालं, पाण्याची टाकी. मग मधून, जुनी गिरणी. मग सगळेच, एका सुरात, खोकत खोकत, कन्याशाळा, पोस्ट, वखार. एका बाईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, त्याच्या आतून वखार आलं. सर वेदीला धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते.

मी मान खाली घालून मनसोक्त हसले. देवाच्या घरात एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सर माझ्या टेबलाशी आले. दाढी वाढलेली. विचारत होते, गिरणीनंतर काय येतं.

मग आपणहून बोलले. त्यांची प्रार्थना केव्हाच आटली होती. रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवला की मनात काहीच येईना, म्हणून ते लहानपणच्या बसचे थांबे म्हणायचे, ओठ हलते राहावेत म्हणून. हे त्यांनी एकदाच बोलून दाखवलं होतं, एकटे असताना, त्या खुर्चीत बसून. आता सगळ्या वॉर्डाला थांबे पाठ आहेत आणि त्यांनाच आठवत नाहीत. बोलताना साधे शब्दही सुटतात, म्हणाले. सकाळी चमच्याला काय म्हणतात ते आठवेना.

मला दया आली नाही. विचारलं, पिवळा फ्रॉक आठवतो का? ते म्हणाले की ती गोष्ट सगळी आठवते, फक्त त्या बाईचा चेहरा आठवत नाही. मी त्यांचा दंड धरला, ऐकण्याच्या खोलीत नेलं आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं. स्वतः समोर बसले, हनुवटी खाली घेतली, हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, हं… मग?

ते रडायला लागले. बोलायलाही लागले. मी थोडा वेळ ऐकलं, मग उठले आणि दार ओढून घेतलं. ते बोलतच होते. अधूनमधून थांबायचे. आणि आतून दुसरं कुणीतरी अगदी हळू त्यांना पुढं न्यायचं. मी दाराला कान लावून ते ऐकलं आणि मला बरं वाटलं. जशास तसं. यात काय चुकलं?

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल सकाळी सर सापडले तेव्हा त्याच खुर्चीत होते. तोंड उघडं, डोळे उघडे, प्रकृती ठणठणीत. शब्द एकही नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं, मुलीनं हाका मारल्या. ते मान खाली घालून म्हणतात, हं… मग? बस्स.

संपलं, असं मी मुक्या सिस्टरला म्हटलं. तुमच्या सासूबाईंना न्याय मिळाला. तिला आनंद व्हावा अशी माझी अपेक्षा होती. तिनं विचारलं, सासूबाई थांबतील असं तुम्हाला कुणी सांगितलं? मग परत त्या जुन्या प्रश्नावर आली. खुर्चीत बसून तुम्ही काय सांगितलंत?

म्हटलं, मैत्रिणीचं काहीतरी. नावं बदलून.

तिनं डोळे मिटून घेतले. मग गाडी ढकलत गेली.

रात्रभर मला ते दिसत राहिलं. पिवळा फ्रॉक तसाच. हिरवी बटणं तशीच.

रविवार, २३ फेब्रुवारी

घशातली नळी काढलेला एक म्हातारा. सुतार. मी हात धरला. तो मला म्हणाला की बाराचे ठोके पाव तास पडतात.

मी हात सोडला.

शेजारच्या खाटेवरून कुणी म्हणालं, प्रत्येक घड्याळ आपल्या मर्जीनं. समोरून, करंगळी बाहेर राहते. लहान मुलांच्या वॉर्डातही गेले. कशाला गेले?

आज धाकटीचा फोन आला नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जावईबापूंचा फोन. इतकी वर्षं माझा नंबर नव्हता त्यांच्याकडे. ताई, कशा आहात? आवाज लोण्यासारखा. त्यांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तिकडे, त्यांच्या गावी. भुलीतून बाहेर येताना आई काय काय बरळली, म्हणाले. घड्याळाच्या दुकानावरची खोली. वाकड्या करंगळीची बाई. करंगळी म्हटल्यावर मी लगेच ओळखलं, ती तर माझ्याच हातची आहे, म्हणाले, आणि हसले.

फक्त गावाचं नाव आई चुकीचं सांगतेय, म्हणाले. जाऊन आलो, तिथं असं दुकान नाही.

मी बदललेलं नाव. खरं तेवढं माझ्याकडे उरलंय. तेवढ्यावर धाकटी जिवंत आहे.

येतो भेटायला, म्हणाले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

फाटकाजवळच्या बाकावर बसलाय. इस्त्रीचा शर्ट. पहारेकऱ्याशी गप्पा. मी खिडकीत आले की हात हलवतो.

मी निघाले तर मागं येईल. पत्र टाकलं तर पत्ता लिहावा लागेल. पोलिसांकडे जायचं तर गाव सांगावं लागेल, आणि मोठ्यानं म्हटलेलं ती म्हातारी ऐकते. आता ती त्या खोलीपुरती राहिलेली नाही. मोरीत तोंड धुताना मी नुसतं अरे देवा म्हटलं. मागून आलं, हं…

बोलायचं नाही. मनातसुद्धा नाव घ्यायचं नाही. मी लोकांच्या बोलण्यावर संशोधन करायला आले होते, करा म्हणावं आता. ऐकण्याच्या खोलीसमोरून गेले. दार उघडं होतं. बाई, तुमचा अपराधी मी नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला काय अधिकार? तिनं ठेवायला दिलेलं सरांनी मिरवलं. धाकटीनं ठेवायला दिलेलं मी मिरवलं. कशासाठी? शाबासकीसाठी.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

केलं. मीच केलं.

सकाळी कार्यालयातला फोन वाजला. धाकटीचा आवाज. रडत होती. मागं घड्याळं वाजत होती, एकामागून एक. ताई, कुणीतरी जिन्यावर आहे, म्हणाली. कुठं जाऊ?

मी तिला नावानं हाक मारली. गावाचं नाव घेऊन म्हटलं, तिथून आत्ताच्या आत्ता नीघ. मागच्या दारानं. कुठल्या गाडीनं, कुणाकडे उतरायचं, सगळं सांगितलं. दम लागला तेव्हा थांबले.

पलीकडून अगदी हळू आलं, हं… मग?

धाकटीचा आवाज नव्हता.

खिडकीत धावले. बाकाजवळ चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी रुग्ण उन्हाला बसवली होती. तो तिच्यापुढं वाकला होता, कान तिच्या तोंडाशी. अगदी आदरानं ऐकत होता. मग त्यानं तिच्या गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं, वर माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेला.

त्याच दिवशी, नंतर

पोलीस आलेत. धाकटीच्या जिवाला धोका आहे एवढं मी सांगितल्यावर मुकी सिस्टर त्यांना घेऊन आली. भले लोक आहेत, गाडी तयार आहे, त्याच्या आधी पोचू म्हणतायत. गावाचं नाव सांगा म्हणतायत.

तोंड उघडलं. नाही येत.

तिला सांगितलेलं नाव सांगणाऱ्याकडून जातं. सरांचे थांबे गेले तसं. मला दुकान दिसतंय. जिना दिसतोय. स्टेशनवरची पाटी दिसतेय, तिच्यावर काही लिहिलेलं नाही.

अधिकारी म्हणाले, लिहून बघा, कधी कधी हाताला आठवतं. म्हणून लिहितेय. नकाशा पुढं ठेवलाय. सगळी नावं सारखीच वाटतात. यातलं एक —

ते म्हणाले, असू दे, निदान बाईंचं नाव सांगा, त्यावरून शोधू.

धाकटी.

धाकटी नव्हे, नाव, म्हणाले.

आहे की. आईनं मलाच विचारलं होतं, काय ठेवू या हिचं नाव. मीच सुचवलं होतं. पाळण्याशी उभी राहून मी पहिल्यांदा हाक मारली ती — रोज संध्याकाळी अंगणातून — दोन अक्षरी, शेवटी लांबवायचं —

सिस्टर माझा हात धरून बसलीय. सगळे वाट बघतायत. कुणीतरी मागून म्हणतंय, हं — मग —

तिचं नाव